गीझरच्या प्लगवरचा ॲम्प

“गिटार के पीछे मच्छर बोलरा, देशमुख साब,” रावसाहेब हेडफोन काढत म्हणाले. तिसऱ्यांदा.

रावसाहेब कूलरच्या जाहिरातीचे क्लायंट. केबलवर नवे चॅनल आले होते आणि कालपर्यंत भिंतींवर जाहिराती रंगवून घेणाऱ्यांना आता जिंगल हवी होती. हिमायतनगरच्या घरातली मागची खोली हा माझा स्टुडिओ. एक कॉम्प्युटर, एक इंपोर्टेड साउंड कार्ड, भिंतींना गाद्या.

गिटार वाजवली होती डेरिकने. सिकंदराबादला रेल्वेत क्लार्क. ही जिंगल पास झाली की रावसाहेबांच्या पुढच्या सगळ्या जाहिराती त्यालाच मिळणार होत्या. वाजवणं त्यांना आवडलं, आवाज पातळ वाटला. म्हणून मी री-ॲम्पिंग करायचं ठरवलं. म्हणजे गिटार आधी सरळ कॉम्प्युटरमध्ये कोरडी रेकॉर्ड झालेली असते. तोच ट्रॅक ॲम्पमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीत, सोडायचा, ॲम्पसमोर माइक लावायचा आणि पुन्हा रेकॉर्ड करायचं. वादकाला परत बोलवावं लागत नाही.

ॲम्प मी बाथरूममध्ये ठेवला. टाइल्समुळे आवाज छान घुमतो. माझ्या बायकोला, सुनंदाला, त्याचं कौतुक नव्हतं. “आम्ही आंघोळ कुठं करायची? बाल्कनीत?”

आवाज भरदार झाला, पण मागे सारखी घरघर. केबल बदलली. ट्यूबलाइट, पंखे बंद केले. फ्रिज बंद केला, दूध नासलं. घरघर तशीच.

“गडबड किसकी है?” रावसाहेबांनी विचारलं. “आपकी, की बजानेवाले की?”

कोरडा ट्रॅक मी ऐकला होता. तो स्वच्छ होता. म्हणजे दोष डेरिकचा नव्हता, माझ्या जोडणीत होता. उत्तर द्यायच्या आधीच मला हे माहीत होतं.

“उसकी गिटारच खराब है,” मी म्हणालो.

“तो दूसरे को बुलाव.”

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा बादली घेऊन बाथरूमच्या दारात उभी. “हा गीझरच्या प्लगवर कशाला लावलात? शॉक बसायचा म्हणून त्याला वेगळं अर्थिंग दिलंय ना आपण? मागे अंगणात सळई पुरून?”

कॉम्प्युटरचं अर्थिंग मीटरपाशी, ॲम्पचं अंगणात, आणि दोन्हींना जोडणारी माझी केबल. दोन अर्थिंगमधला फरक त्या केबलमधून घरघर होऊन येत होता. एक्स्टेंशन ओढून ॲम्प कॉम्प्युटरच्याच बोर्डावर लावला. शांत. पाच मिनिटांचं काम.

फोन टेबलावरच होता. रावसाहेबांना केला नाही.

नवा गिटारिस्ट आला. त्याची गिटार त्याच ॲम्पमधून स्वच्छ वाजली, आणि रावसाहेबांना माझं म्हणणं पूर्णच पटलं. पुढची कामं मला मिळत गेली, आणि त्याला.

डेरिक एकदा भेटायला आला होता. “सर, मेरी गिटार में नॉइज किधर से था?”

“पिकअप में होगा,” मी म्हटलं. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखालचा, आवाज पकडणारा भाग. तो मान हलवून गेला.

गेल्या महिन्यात सिकंदराबादला त्याच्या घरी जाऊन सगळं सांगितलं.

“मैं पिकअप दो बार बदलाया,” तो म्हणाला. “फिर गिटारच बेच दिया.”

री-ॲम्पिंग करणाऱ्यांनी दोन्ही मशीन एकाच बोर्डावर लावावीत. घरघर आलीच, तर आधी कोरडा ट्रॅक ऐकावा. मी ऐकला होता.