बंद चार्जरचा दसरा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोबाइलनं मेल्यानं चार्जर ‘उपलब्ध’ दाखवला म्हणून आशेनं विजेवरची गाडी घेऊन गेले, तर आमच्या छोट्या शहरातला एकुलता एक सार्वजनिक चार्जर अजून बंदच होता. पण त्याला हळदकुंकू लावून कुणीतरी झेंडूचा हार घातला होता.

“बंद मशीनची कसली पूजा, मावशी?” तिथं झाडणाऱ्या बाईंना मी विचारलं.

“इतके दिवस राबलाच की, ताई. बंद पडला म्हणून दसऱ्याला वगळायचं होय?”

मी गाडी वळवली. पक्षाघात झाल्यापासून माझे यजमान बोलत नाहीत, कुणाला ओळखत नाहीत. काल आल्यागेल्या सगळ्यांना सोनं दिलं. यांना काय कळणार, म्हणून यांनाच वगळलं.

घरी येऊन आपट्याचं पान यांच्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटली नाहीत. मग मीच ती एकेक करून मिटली आणि धरून बसले.