लीलाताईंचं मस्कतचं पत्र

लीलाताई इंग्लंडात, स्लाऊमध्ये चाळीस वर्षं आहेत. त्यातली सव्वीस वेअरहाऊसमध्ये बिस्किटांची खोकी बंद करण्यात गेली. रिटायर झाल्यावर झूमवर मोडी शिकल्या, आणि आता इथल्या मराठी मंडळात त्या 'मोडीवाल्या ताई'. मला मोडी नवव्या वर्षापासून येते, बाबांनी शिकवलेली. पण मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मागच्या रविवारी त्यांनी चहाला बोलावून एक स्कॅन दाखवला. मस्कतच्या कुणा मराठी कारकुनानं मुंबईला भावाला लिहिलेलं पत्र: इथल्या सुलतानानं इंग्रजांच्या कंपनीला लिहून दिलं, फ्रेंचांना बंदरात थारा देणार नाही.

"आखातात इंग्रजांचं पाऊल पडलं ते असं, कागदावरून!" ताई म्हणाल्या. "आणि सन बघ, अकराशे नव्याण्णव. हिजरी. म्हणजे आपलं १७८५. पुस्तकात हा करार १७९८चा आहे. तेरा वर्षं आधी, रेखा! पुढच्या रविवारी हॉलमध्ये सांगणार आहे. युनिव्हर्सिटीचे दोन प्रोफेसर येतायत."

ते हिजरी नव्हतंच. मराठी दप्तरातला शुहूर सन होता तो. त्यात पाचशे नव्याण्णव मिळवायचे, की बरोब्बर १७९८.

मी म्हटलं, "छानच हो ताई," आणि अजून अर्धा कप घेतला.

मग रोज जपाला बसले की प्रोफेसरांसमोर पडलेलं ताईंचं तोंड दिसायचं. गोड वाटायचं. लिहायला लाज वाटते, पण वहीत खोटं लिहायचं नाही हा माझा नेम. गुरुवारी दत्ताच्या तसबिरीला हार घालायला हात उचलेना. आधी ताईंना फोन लावून सनाचं सांगितलं.

"अगं, वाचवलंस! पण तुला मोडी येते? इतकी वर्षं मूग गिळून बसलीस?"

आज भाषणात त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "माझी मोठी चूक झाली होती, आमच्या रेखानं पकडली." मला उभं केलं. टाळ्या झाल्या.

"बघ, तुझंही कौतुक झालं," हे म्हणाले.

भाषण संपल्यावर दोघे प्रोफेसर सरळ ताईंपाशी गेले. चूक अशी मोकळेपणानं सांगणारी माणसं विरळा, म्हणाले. मी कप गोळा करत होते.

मला फोन करायला चार दिवस का लागले, हे ताईंनी विचारलं नाही. तेवढाही मोठेपणा त्यांचाच.