गटारावरची परीक्षा
परळला आमच्या चाळीसमोर एका पारशी शेठचा दारूचा गुत्ता होता. शेठ इतका लठ्ठ, की तो आत शिरला की आतली हवा बाहेर येई. चढलेल्या माणसाला आणखी पाजली तर परवाना जायचा, असा सरकारचा कायदा. पण चढली हे ओळखायचं कसं? शेठने दारासमोरच्या गटारावर एक फळी टाकली. आणखी पेला हवा, तर तिच्यावरून पलीकडे जाऊन परत यायचं. फळी अशी अरुंद, की मुंगीलाही पोट आत घ्यावं लागे. गिरणीतले भले भले पैलवान धपाधप गटारात पडत आणि निमूट घरी जात.

एका संध्याकाळी वरळीचा एक कोळी आला. प्यायला, फळीवरून गेला, एका पायावर गर्रकन वळून परत आला. पुन्हा पेला, पुन्हा फळी. ज्याचा जन्म होडीच्या काठावर गेला, त्याचे पाय डुगडुगत्या लाकडावरच सरळ पडतात, हे शेठला कुठून ठाऊक! शेवटी कोळी सपाट रस्त्याला लागला आणि लालबागच्या एका कुंभाराच्या गाडीवर असा कोसळला, की रांजणांच्या खापऱ्या माहीमपर्यंत उडाल्या. कुंभाराचा हात मोडला.

खटला उभा राहिला. दोष पिणाऱ्याचा की पाजणाऱ्याचा? मला तर अन्न गोड लागेना. कचेरीत पोटदुखी कळवली आणि कोर्टात पुढचा बाक धरला.

"साहेब, तो माझ्या परीक्षेत पास झाला," शेठ काकुळतीला आला. "परवाना गेला तर माझा घर कसा चालेल?"

मॅजिस्ट्रेटने कोळ्याला विचारलं, "तुला चढली हे तुझ्या घरी कसं कळतं?"

"बायको वलखते, साहेब. एरवी माजं तोंड बंद होत नाय. चढली का मी गप."

"शेठ, त्या दिवशी हा बोलत होता?"

एक 'हो' म्हटलं असतं तर शेठ सुटत होता. मी तर मनातल्या मनात त्याच्या वतीने म्हणूनही टाकलं. पण गडी सरळ.

"नाय साहेब. एकदम चूप. मी म्हटला, आज कोणी सभ्य गिऱ्हाईक आला. खूश होऊन आणखी एक पाजला."

कोर्ट खदखदून हसलं. कुंभारही हसला आणि कळ येऊन विव्हळला. मॅजिस्ट्रेट तेवढा हसला नाही. त्याने परवाना रद्द केला.

बाहेर आल्यावर मला वाटलं, शेठ आता कोळ्याचा गळा धरणार. पण तो गेला कुंभारापाशी.

"हात फार दुखते काय रे?" त्याने विचारलं.