सरुबाईनं हात लावलेली घोडी

सरुबाईला घोड्याच्या पायातलं काय कळतं, असं विचारणारा माणूस बारामतीत नवखा समजायचा. जळोचीला राजवर्धनच्या पागेत डॉक्टर आले की तेसुद्धा जनावराला हात लावण्याआधी विचारायचे, "काय म्हणता मावशी?" आणि ही बया डोईवरचा पदर सारखा करून सांगायची, "पुढचा डावा. गुडघ्याच्या खाली चार बोटं. बघा तुमी तुमच्या यंत्रानं." डॉक्टर यंत्र लावायचे आणि हसायचे, कारण यंत्रही तेच सांगायचं.

ती मूळची कळसची. बाप मेंढरंवाला. दिवाळी सरली की सगळं बिऱ्हाड घोड्यांवर लादून निघायचं, ते पाऊस तोंडावर आल्यावरच माघारी. मेंढरं बाप्यांनी बघायची आणि घोडी बायांनी, अशी वाटणीच होती. भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, तान्ही पोरं, सगळं घोड्याच्या पाठीवर बायांनीच बांधायचं आणि मुक्कामाला बायांनीच उतरवायचं. घोडं लंगडलं तर बोलणी खायची तीही बायांनीच. त्यामुळं सरुबाई सात-आठ वर्षांची असल्यापासून संध्याकाळी चुलीवर भाकरी पडायच्या आधी घोड्यांचे पाय चाचपायची. तेव्हा औषध म्हणजे हळद, मीठ आणि कढत तेल.

लग्न होऊन जळोचीला आली. नवरा लवकर गेला, पदरात तीन वर्षांचा अजित ठेवून. राजवर्धनच्या वडलांनी तेव्हा हौसेनं दोन घोडी बाळगली होती, तिथं ती मालिश करायला लागली. दोनाची चौदा जनावरं झाली, वडलांचा राजवर्धन झाला, पण मालिश सरुबाईचीच.

पुढं बाटलीतलं औषध आलं. हिरवं, पातळ, आणि वासाला असं जहाल की टोपण फिरवलं की डोळ्यांतनं पाणी. पागेत त्याला नुसतं 'हिरवं' म्हणतात. ते तसंच लावायचं नसतं, मिसळावं लागतं, आणि सगळी करामत त्या मिसळण्यात आहे. पळून आलेल्या घोड्याचं अंग पुसायचं तर अर्ध्या बादलीत एक टोपण. पायाच्या नळीवरून हात फिरवायचा तर तांब्याभर पाण्यात दोन. थंडीनं पाठ आखडली तर पाणी नाही, तिळाचं तेल. एका नव्या मोतद्दारानं बाटली तशीच ओतून घोड्याचं कातडं पोळवलं, तेव्हा सरुबाईनं त्याला अशा शिव्या मोजल्या की शेजारच्या मळ्यातली माणसं काम टाकून बघायला आली. "लेबल वाचता येतं न्हवं तुला? मग मला न वाचनारीला का कळतं आन् तुला का न्हाय रं?"

तर अशा बाईच्या हाताला मान असणारच. पागेतलं घोडं विकायला काढलं की गिऱ्हाईक म्हणायचं, "ते सगळं ठीक हाय, पण सरुबाईंचा हात लागू द्या." मग तिला बोलावणं यायचं. ती चारी पायांपुढं एकेक करून वाकायची, पार कपाळ टेकेल इतकी, आणि मग पालथा हात नळीवर ठेवायची. आतून शीर दुखावलेली असली तर पाय उबदार लागतो. पाय चांगला असला तर ती म्हणायची, "गार हाय." नसला तर काही न बोलता उठून जायची. अकलूजपासून दौंडपर्यंत एवढ्या दोन शब्दांवर घोड्यांचे व्यवहार झाले होते.

लोकांना वाटायचं, बाई भाविक आहे, घोड्याच्या पाया पडते. कसली पाया पडते! ती वास घ्यायची. हिरवं लावलं की पाय तासभर गार पडतो. ही चलाखी घोडी विकणाऱ्या कुणालाही सुचू शकते, म्हणून हाताआधी नाक. हे गुपित तिनं जन्मात एकाच माणसाला सांगितलं होतं, पोटच्या पोराला. अजित आता तीस वर्षांचा झाला होता आणि त्याच पागेची घोडे न्यायची गाडी चालवत होता.

गेल्या फाल्गुनात मैना नावाची घोडी इंदापूरकडच्या एका शर्यतीत पुढच्या डाव्या पायानं दुखावली. सरुबाई एकवीस दिवस तिच्या पायाशी होती. गार पाण्याची धार, हलक्या हातानं हिरवं, वर पट्टी. सूज उतरली, पण आतली ऊब काही जाईना. तिनं राजवर्धनला तोंडावर सांगितलं, "मालक, सूज गेली म्हंजी पाय बरा झाला असं न्हाय. चार म्हयनं हिला पळवायचं न्हाय, आन् इकायचं बी न्हाय. कुणाचा तरी जीव जाईल."

"मावशी, तुमच्या शब्दाबाहेर आहे का मी?" राजवर्धन म्हणाला. त्यानं मैनेला विश्रांतीसाठी इंदापूर तालुक्यातल्या त्याच्या शेतावर धाडलं. सोबत अजितला ठेवलं. सरुबाईला बरं वाटलं. पोरगा जवळ आहे म्हटल्यावर घोडीची काळजी कशाला?

चार महिने उलटल्यावर ज्ञानेशचा फोन आला. ज्ञानेश म्हणजे तिच्या कळसच्या चुलतभावाचा मुलगा, डाळिंब आणि ढोबळी मिरचीवाला. त्याची मुलगी प्राची घोडेस्वारीच्या स्पर्धांत उतरायची, आणि राजवर्धननं त्याला मैना दाखवली होती. "आत्या, मला घोड्यातलं काय बी कळत न्हाय," तो म्हणाला. "तुमी हात लावा. तुमी गार म्हनलात की मी डोळं झाकून न्येतो."

"आदी बघू तर दे," सरुबाई म्हणाली.

ज्ञानेश यायच्या आदल्या रात्री उशिरा अजित मैनेला घेऊन पागेत परतला. सकाळीच तो म्हणाला, "आये, अकलूजवरनं दोन घोडी दमून आल्यात. बादलीभर हिरवं कालव, जरा कडक." ती कालवायला बसली. अजितनं बाटली पुढं केली आणि ती त्याच्या हातातून निसटून तिच्या लुगड्यावर पालथी झाली. "आरं धांदरटा! तुझं ध्यान कुठं आसतं?" ती ओरडली. लुगडं बदलायला जावं, तर तेवढ्यात ज्ञानेश आलाच. प्राची त्याच्या आधी धावत घोडीजवळ पोचली.

राजवर्धननं मैना फिरवून दाखवली. घोडी लंगडत नव्हती. सरुबाईनं विचारलं, "इश्रांती पुरी दिली न्हवं?"

"अजितलाच विचारा की. तोच होता तिकडं."

"व्हय आये," अजित म्हणाला. "वैरन मीच टाकत हुतो. दावनीची हालली न्हाय."

ती नेहमीसारखी वाकली. वास यायचा तो आलाच, पण तो तिच्याच लुगड्याचा, तिच्याच हातांचा. आणखी कुठला वेगळा काढणार? तिनं पालथा हात ठेवला. डावा पाय उजव्यासारखाच गार होता. सूज नव्हती. प्राची श्वास रोखून तिच्याकडं बघत होती.

"गार हाय," सरुबाई म्हणाली. "न्ये बाळा. जपून ऱ्हा."

बाराव्या दिवशी मैना भरधाव पळताना पुढच्या डाव्या पायावर कोसळली आणि प्राची तिच्या डोक्यावरून पुढं फेकली गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं. मान वाचली, ती बोटभर अंतरानं.

ज्ञानेश सरुबाईच्या घरी आला तेव्हा बसलासुद्धा नाही. "डॉक्टर म्हनत्यात, शीर आदीच दोनदा तुटल्याली हुती. दोनदा, आत्या." त्याचा आवाज चढत नव्हता, हेच वाईट होतं. "परक्यानं फशिवलं आस्तं तर चार शिव्या देऊन मोकळा झालो आस्तो. तुमाला काय म्हनू?"

तो गेला. सरुबाई उंबऱ्यातच बसून राहिली. चाळीस वर्षांत तिचा हात चुकला नव्हता. वय झालं म्हणून चुकला म्हणावं, तर दोनदा तुटलेली शीर तिला झोपेतही कळली असती. मग पाय गार होता कसा? आणि एकाएकी तिला ती सांडलेली बाटली आठवली. तशी ती उठली आणि तडक पागेत गेली.

म्हातारा मोतद्दार भिमा खरारा करत होता. त्याला तिनं सरळच विचारलं, "भिमा, माझ्या गळ्याची आन हाय तुला. त्या दिवशी मैनेच्या पायाला काय केलं?"

भिमानं खरारा खाली ठेवला. "मी सांगनारच हुतो, सरुबाई. माझीच छाती झाली न्हाय. शेतावर तिला म्हयन्याभरातच पळवली, तितं पुन्ना तुटली. पागेत आनल्यावर सुजेला रातभर पट्टी आवळली, दुखन्याची सुई दिली. आन् तुमी यायच्या आदी बर्फ चोळला, वरनं तुमी कालवलेल्या बादलीतलं हिरवं."

"बर्फ कुनी आनला?"

भिमा खाली बघायला लागला. तिनं पुन्हा विचारलं नाही.

राजवर्धन समोरच खुर्चीत बसला होता. तिनं तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला, "मावशी, मी कुणाला गळ घातली नव्हती. चार माणसांत 'गार हाय' कोण म्हणालं?" वीस-पंचवीस वर्षं ह्याच्या घोड्यांचे पाय मांडीवर घेतले, आणि तो असं बोलत होता. सरुबाईला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण तिचा राग त्याच्यावर थांबतच नव्हता. नाकाची गोष्ट राजवर्धनला कुठली ठाऊक?

ती घरी आली तेव्हा अजित जेवत होता.

"नाकाचं तू सांगितलंस?"

घास त्याच्या हातातच राहिला. खोटं बोलायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. "मालक म्हनला, पागेचा मॅनेजर करतो. समदी घोडी, समदी मानसं माझ्या हाताखाली. आये, जल्मभर गाडीच हाकू का मी?"

"आरं, पोरगी मेली आस्ती."

"मला काय ठावं ती पडंल म्हनून?"

"तुला ठावं न्हवतं? तुला?" तिचा आवाज फुटला. "घोड्याच्या पायाचं कुनाच्या मांडीवर शिकलास तू? मला फशिवलंस त्याचं जाऊ दे. माझ्याच हातानं माझ्याच माहेरच्या लेकराला फशिवलंस रं!" आणि ती लहान पोरासारखी ढसाढसा रडली. अजितही रडला. खरोखर रडला. पाय धरले, म्हणाला, "आये, मी सांगतो. ज्ञानेशदादाम्होरं मी सोता सांगतो. उंद्याच जाऊ."

आईच ती. तिनं मानलं. त्या रात्री तिला झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गाडीनं कळसला गेली. वाटेत अजित बोलला नाही, आणि तिला वाटलं, मनात जुळवाजुळव करतोय. ज्ञानेशच्या अंगणात प्राची हात गळ्यात बांधून बाजेवर बसली होती. मैना कडुनिंबाखाली पाय उचलून उभी होती. भावकीतली पाच-सहा माणसं आली होती. चहा आला, पण कुणी कप उचलला नाही.

"बोला आत्या," ज्ञानेश म्हणाला. "काय झालं हुतं त्या दिवशी?"

सरुबाईनं अजितकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. अजित उभा राहिला, घसा साफ केला, आणि ज्ञानेशकडं बघत म्हणाला, "काय सांगू दादा... आईचं आता वय झालं. आजकाल तिच्या हाताला कळत न्हाय. मीच तिला हात लावू द्यायला नको हुता. माफ करा आमाला."

अंगणात कुणीतरी "आगं बाई" म्हटलं. ज्ञानेशच्या चेहऱ्यावरचा राग उतरला, आणि त्या जागी दया आली. तो उठून सरुबाईजवळ आला. "आसू द्या आत्या. मला आदीच कळाय पायजे हुतं. वय झाल्यावर व्हतंच की आसं."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिनं आनंदानं खाल्ल्या असत्या. तिच्या तोंडाशी सगळं आलं होतं, बर्फ, बाटली, मॅनेजर, सगळं. पण आता सांगितलं तर म्हातारी आपली चूक पोराच्या गळ्यात बांधते असंच म्हणणार होते सगळे. ती उठली आणि मैनेकडं गेली. पट्टी चुकीची आवळली होती, खालचा खूर गार पडला असणार, हे तिला दुरूनच दिसत होतं. ती वाकली आणि तिनं हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या आत्या," ज्ञानेश मागून हळू म्हणाला. "डॉक्टर येनार हाईत. तुमी नका त्रास घेऊ."

तिचा हात तसाच राहिला. घोडीनं मान वळवून तिच्या खांद्याला तोंड लावलं. मग सरुबाई सरळ झाली आणि अजितच्या समोर जाऊन उभी राहिली. तो जमिनीकडं बघत होता.

"खरं बोललास लेका," ती म्हणाली. "माझ्या हाताला न्हाईच कळत. न्हाईतर तुला तीन वरसाचा आसल्यापासनं ह्याच हातांनी वाढिवला, तवाच कळलं आस्तं."

 प्राची बाजेवरून उठली आणि एकदा सरुबाईकडं, एकदा अजितकडं बघत राहिली.

अजितनं गाडीचं दार उघडून धरलं. "चल आये, मालकाचा फोन येतोय सारखा." सरुबाईनं चपला पायात घातल्या, त्याच्या पुढून निघाली आणि फाट्यापर्यंत चालत जाऊन बारामतीच्या एसटीची वाट बघत बसली.