आषाढातली सुरमई

दिगू गेल्याची बातमीही माझ्याच बूथवर आली. सकाळची वेळ, बाहेर पाऊस, आणि पलीकडून त्याच्या पुण्यातल्या घरमालकांचा आवाज... "विजयदुर्गचे फोनवाले ना तुम्ही? त्यांच्या आईंना सांगाल का?" मी हो म्हटलं आणि रिसीव्हर ठेवून तसाच बसून राहिलो. द्वारकाकाकी, म्हणजे दिगूची आई, तेव्हा सुक्या मासळीची पाटी घेऊन जामसंड्याला गेली होती. तिची एसटी परत येईपर्यंत साऱ्या गावात एकट्या मला ठाऊक होतं, की तिचा एकुलता एक मुलगा आता नाही. ज्याच्या पोटात आजवर काही राहिलं नाही, नेमकी त्याच्यावरच ही वेळ आली. त्याला आता दीड महिना झाला. पण मला लिहायचंय ते या फोनबद्दल नाही, त्याच्या चार दिवस आधीच्या फोनबद्दल. त्या फोनवर दिगूने आईसाठी एक निरोप दिला होता आणि तो मी बदलून सांगितला. काकीला हे अजून माहीत नाही.

आम्ही दोघे शाळेत एका बाकावरचे. त्याचं गणित आणि माझं तोंड, दोन्ही गावाला माहीत. तो पदार्थविज्ञान शिकायला पुण्याला गेला आणि मी अठ्ठ्याण्णव साली बंदराच्या वाटेवर एसटीडी बूथ टाकला. काकीच्या घरी फोन नव्हता. दिगूला सकाळीच वेळ मिळायचा आणि सकाळी काकी पाटी घेऊन बाहेर. त्यामुळे तो मला निरोप सांगायचा, संध्याकाळी मी तिला सांगायचो आणि तिचं उत्तर पुढच्या फोनला त्याला. एकदा त्याने सांगितलं की एका पेपरात नापास झालोय, फक्त आईला सांग. मी तिला सांगितलं, पण त्याआधी बंदरावर चार जणांना सांगून झालं होतं. दुसऱ्या दिवशी भर लिलावात बायकांनी तिला डिवचलं, "काय गो, झील नापास झालो मा?" काकी भांडली नाही. बूथवर येऊन एवढंच म्हणाली, "बाळग्या, तुझ्या पोटात काय एक ऱ्हवणा नाय रे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाच मी ठरवलं, की या मायलेकरांचं हसं होईल असं काही माझ्या तोंडून पुन्हा जाणार नाही. तेव्हापासून दिगूचे निरोपही आटले. आई बरी आहे का आणि मासळी कुठली गावते, बस. बहुतेक वेळा तो बांगड्याचं विचारायचा, आणि काकीचं उत्तर, "आसा म्हणान सांग." मला वाटायचं, पोराला घरची आठवण येते.

पीएच.डी.ला त्याने घेतलेला विषय ऐकून मी हसलोच होतो. दोन माणसांनी गुप्त किल्ली ठरवायची, तीही मधल्या माणसावर विश्वास न ठेवता! गणपतीला आला तेव्हा बूथवर बसून त्याने समजावलं. "समज, मी एक टोक, आई दुसरा टोक. दोघांनीय मनात शून्य नायतर एक धरूचो आणि उजेडाच्या कणावर घालून मधल्याकडे धाडूचो. मधलो दोन्ही कण एकत्र करून इतक्याच सांगता, सारके की वेगळे. वेगळे म्हटल्यान, की माका कळला आईकडे माझ्या उलटा आसा. आईकय कळला. मधल्याक मात्र कोणाकडे काय ता कळणा नाय."

"आणि मधलो खोटा बोललो तर?"

"त्यातले थोडे आमी दोघा उघड ताडून बघतलव. लबाडी गावतली. मगे ता सगळा टाकून परत धाडूचा. मधलो चोरच म्हणान धरून चलूचा, बाळग्या. तुझ्यासारखो!" दोघेही खो खो हसलो. मग मी सहज विचारलं, की परत धाडायला वेळच नसला तर? तो म्हणाला, "गुपित फुटाचा नाय, इतक्या मी सिद्ध करू शकतंय. निरोप पोचतलोच, ह्या माझ्या विषयात येणा नाय."

यंदा आषाढात त्याचा फोन आला. आवाज खोल गेलेला. बरं नाही का विचारलं तर म्हणाला, "जरा दमलंय. आईक विचार, सुरमई गावता काय." मला हसू फुटलं. "अरे शिकान शिकान येडो झालस काय? बंदर बंद, होड्ये वर काढलेले, आता सुरमई खंयची?" तो एवढंच म्हणाला, "तू विचार तरी रे." संध्याकाळी काकी आली तेव्हा बूथवर फोनसाठी दोन बायका बसलेल्या. मासेमारी करणाऱ्या खारव्याच्या पोराने आषाढात सुरमई मागितली हे त्यांच्या कानावर गेलं असतं, तर दुसऱ्या दिवशी बंदरभर झालं असतं. काकीने विचारलं, "खंयची मासळी इचारल्यान?" मी म्हटलं, "सुके बांगडे." ती निवांत झाली. "आसत म्हणान सांग," म्हणाली आणि घरी गेली. चार दिवस त्याचा फोन आला नाही. नंतर कळलं, कावीळ अंगावर काढून तो खोलीत एकटाच पडून होता. डॉक्टर घरमालकांना म्हणाले, चार दिवस आधी आणायला हवं होतं. काकी त्या रात्रीच्या गाडीत बसली असती तर सकाळी त्याच्या उशाशी असती.

गेल्या आठवड्यात काकी बूथवर येऊन बाकड्यावर टेकली. डोळे कोरडे. आपणहून सांगू लागली, "तुका आता सांगूक हरकत नाय. आमचा ठरलला होता. बांगडो म्हणजे सगळा बरा. सुरमई म्हणजे आये, तू ये. सुरमई आमी विकतव, घरात कधी शिजली नाय, म्हणान चुकान तोंडात येवची नाय. तेका त्रास झालो असतो तर तेणा सुरमई इचारल्यान असती रे... नाय इचारल्यान. म्हणजे सुखान गेलो माझो झील." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून ती पाटी उचलून गेली. सगळं गेल्यावर तिच्यापाशी एवढंच उरलंय, आणि ते मी बनवलेलं खोटं आहे. ते काढून घ्यायचं की तिला तसंच जगू द्यायचं? दिगू असता तर त्याला विचारलं असतं. रात्रंदिवस तेवढंच डोक्यात आहे, जेवण जात नाही.

काकीला वाचता येत नाही. पण दिगूवर मी पेपरात लिहितोय हे तिला कळलंय, मीच सांगून बसलो. रविवारी ती पेपर घेऊन येईल आणि म्हणेल, "वाच रे." मी वाचू लागेन. सुरमईपाशी आलो की मी थांबेन आणि ती म्हणेल, "थांबलस कित्याक? लिवलस ता सगळा वाच." या वेळी एक शब्दही बदलायचा नाही असं मी ठरवलंय. पण मागच्या वेळीही मी काहीतरी ठरवलंच होतं.