मालनने पास केलेली माळ

आमच्या मरोळच्या चाळीत मालनला कुणी फार मोजत नसे. अंधेरीच्या एमआयडीसीत एका विजेच्या सामानाच्या कारखान्यात ती चेकिंगला होती. दिवसभर बल्बचे होल्डर उलटेपालटे करून बघायचे, खराब ते बाजूला टाकायचे. चौदा वर्षं हेच. आम्हाला वाटायचं, यात कसलं आलंय काम!

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात समोरच्या गावठाणातली रेजिना तिच्याकडे आली. मागच्या नाताळात दारावरच्या दिव्यांच्या माळेत दव शिरलं आणि लोखंडी फाटकात करंट उतरला. रेजिनाची सहा वर्षांची फिलू फाटकाला चिकटली होती. वाचली, पण बोटं भाजली. तेव्हापासून रेजिनाचा नवरा बस्त्याव म्हणायचा, या घरावर पुन्हा दिवे नाहीत.

"पोर रोज रडते गं," रेजिना म्हणाली. "शेवटी हा म्हणतो, मालनने पास केली तरच माळ लावीन."

मालन म्हणाली, "म्हणजे फिलूचा जीव माझ्या शब्दावर टाकताय तुम्ही."

रविवारी ती मला घेऊन लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात गेली. तिथे मी तिला पहिल्यांदा काम करताना पाहिलं. दुकानात सगळ्या माळा लुकलुकत होत्या, माझे डोळे तिथेच. मालन म्हणाली, "बंद करा हो ते. पेटल्यावर सगळ्याच छान दिसतात." मग तिने वायर दुमडून पाहिली, नखाने दाबली, बल्ब काढून होल्डरच्या आत बोट फिरवलं. जोडावरची पट्टी सोडायला लागली तसा दुकानदार वैतागला.

"बाई, माळ घ्यायला आलात की मुलगी बघायला?"

"मुलगी बघायला आले असते तर चहा तरी मिळाला असता."

पाचव्या दुकानात एक पसंत पडली. पण ती रेजिनाच्या घरी गेली नाही. मालनने ती आपल्याच दारातल्या तुळशीच्या लोखंडी जाळीवर बांधली. रात्रभर दव खाऊ द्यायचं आणि पहाटे जाळीला टेस्टर लावायचा. चाळीला तर विषयच मिळाला. प्रेमाकाकू म्हणाल्या, "काय गं, तुळशीला नाताळ लागला की काय?"

"दिवाच आहे ना, काकू? तुळशीला चालतो. तुम्ही मात्र हात लावू नका." आणि तिने भोवती दोरी बांधली.

तिसऱ्या पहाटे टेस्टर पेटला, म्हणजे जाळीत करंट उतरला होता. आम्हाला तर माळ छानच पेटलेली दिसत होती. मालनने बटण बंद केलं आणि त्याच दिवशी माळ परत नेली. दुकानदार म्हणाला, "अहो, चालू तर आहे!"

"चालू आहे तेच वाईट," ती म्हणाली. "बंद पडली असती तर कुणी मेलं नसतं."

दुसरी माळ जाड वायरची, रबरी होल्डरची, जरा महाग. तिचे सगळे जोड तिने स्वतः उकलून पुन्हा बांधले. ती जाळीवर चार पहाटा टिकली. चोवीस तारखेला बस्त्यावने ती फाटकावरून छपरापर्यंत चढवली. होल्डरची तोंडं खाली करा, पाणी साचता कामा नये, म्हणून मालन खालून ओरडत होती. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा फिलू टाळ्या पिटत होती, पण अंगणाच्या मध्यावर उभी राहून. फाटकाजवळ काही गेली नाही.

पंचवीसला पहाटे मी नेहमीसारखी देवाचं नाव घेत दूध आणायला निघाले. त्या दिवशी दव इतकं, की पायऱ्या भिजल्या होत्या. परत येताना पाहिलं तर रेजिनाच्या फाटकाशी कुणी उभं होतं. मालन होती ती. घरातली सगळी चर्चमधल्या रात्रीच्या मिस्सावरून येऊन झोपलेली, वर दिवे चालू. तिच्या चपला बाजूला काढलेल्या, पाय ओल्या फरशीवर आणि करंट असलाच तर मूठ चिकटू नये म्हणून उजव्या हाताचा मागचा भाग फाटकाच्या गजाला टेकवलेला. एका गजाचं झालं की पुढचा.

मी हाक मारली, "मालन! अगं, टेस्टर कुठाय?"

"आधी टेस्टरच लावला." तिने मान वळवली नाही. "पण फिलू थोडीच टेस्टर घेऊन येणार? ती अशीच येणार, अनवाणी."

माझ्या दोन्ही हातांत दुधाच्या बाटल्या होत्या. नाहीतर मी तिथेच हात जोडले असते. आपल्या शब्दासाठी माणूस इतकं करतं हे मी तोवर पोथीतच वाचलेलं. मी बाटल्या धरून उभी राहिले आणि ती शेवटच्या गजापर्यंत गेली.

मग तिने चपला घातल्या आणि म्हणाली, "आता उघडू दे फिलूला फाटक."