वायर आप्पांच्या खिशात होती

आधीच सांगते, मी भुताखेतांवाली बाई नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजरावरच ओरडते, आणि अमावस्येला नखं कापल्याबद्दल सासूबाईंची बोलणी आयुष्यभर खाल्ली. इथले तुमचे अनुभव दुपारच्या चहाबरोबर वाचते, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा हसते... राग मानू नका. हा एकच प्रसंग असा आहे की त्यावर मला हसता येत नाही.

महाराष्ट्र नुकताच वेगळा झाला होता. आमचं नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातला एक तालुका. तापीकाठी आमची शेती होती आणि थोरल्या भावाने – आम्ही सगळे त्याला आप्पा म्हणायचो – लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली होती. वर ताडपत्री, वायपर हाताने फिरवायचा. त्या जीपवर आप्पांचा इतका जीव की वहिनी म्हणायची, यापेक्षा सवत आली असती तर तिने निदान भाकरी तरी थापली असती.

जीपची बॅटरी मात्र म्हातारी होती, त्यामुळे आप्पा तिला फार जपायचे. त्यातून आपल्याकडची ती सवय तुम्हाला माहीत आहेच. दिवसा कुणाच्या गाडीचा लाईट चालू दिसला की अख्खा रस्ता हात वर करून पाचही बोटं मिटतो-उघडतो, मिटतो-उघडतो... ‘अरे बाबा, लाईट चालू आहे!’ तेव्हा गाड्या मोजक्या, पण सांगणारे भरपूर. पाऊस असो, धुकं असो, दिवसा लाईट लावणं म्हणजे ड्रायव्हरची फजिती समजली जायची.

त्या श्रावणात वहिनी अडली. पहिलं बाळ तिचं आधीच गेलं होतं, म्हणून सगळ्यांच्या जिवाला घोर. सुईण म्हणाली, पोर आडवं आहे. नंदुरबारला डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, ऑपरेशन लागेल, तडक चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात न्या. तिकडची रेल्वे निघून गेली होती. जीपमध्ये गोधड्या टाकल्या, वहिनीचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं आणि भर दुपारी आम्ही निघालो.

खांडबाऱ्याकडे निघालो तसं पांढरं होत गेलं. अंधार नव्हता बरं का, तेच तर विचित्र. चांगला उजेड होता, पण दिसत काही नव्हतं. पिंजलेला कापूस काचेवर चिकटवावा तसं धुकं, त्यात पाऊस. मी म्हटलं, “आप्पा, लाईट तरी लावा.”

“दिनना लाईट कोन लावस?” आप्पा वायपर फिरवत म्हणाले. “बॅटरी उतरी गयी ते चिखलमा कोन ढकली? तू?”

वहिनी कण्हत होती. मी तिच्या कपाळावरचा घाम पुसत राहिले.

खांडबाऱ्यात दुकानाच्या पत्र्याखाली माणसं उभी होती. आम्हाला पाहून सगळ्यांनी हात वर केले. मिटतायत, उघडतायत. एक जण ओरडला, “भाऊ, लाईट चालू शेतस!”

आप्पांनी बटण पाहिलं. ते ओढून लावायचं असे. ते आतच होतं, म्हणजे बंद. उतरून पुढे गेले, मीही मान काढून पाहिलं, तर दोन्ही दिवे लख्ख जळत होते. आप्पांनी बटण ओढलं, पुन्हा दाबलं, दिव्यावर थापट मारली. दिवे जळतच राहिले.

“शॉर्ट व्हयना काहीतरी,” म्हणत त्यांनी बॉनेट उघडलं, दिव्यांकडे जाणारी वायर उपटली, गुंडाळून शर्टाच्या खिशात टाकली. दिवे विझले. पत्र्याखालची माणसं हसली. इथवर सगळं सरळ आहे. जुनी गाडी, ओली वायर... मलाही ते कळतं.

पुढे गेल्यावर रस्त्याच्या कडेला पानांचं इरलं घेतलेली एक बाई शेळ्या घेऊन उभी दिसली. तिने हात वर केला. मिटला, उघडला.

आप्पांनी गाडी तशीच पुढे नेली. थोड्या अंतरावर एक म्हातारा काठी टेकत येत होता. त्याने काठी बगलेत धरली आणि तोच हात. आता मात्र आप्पांनी गाडी थांबवली.

“काय शे बाबा?”

“तुन्ही गाडीना दिवा चालू शेतस,” म्हातारा म्हणाला.

“आठे ये. दख बरं!”

म्हातारा जीपच्या तोंडाशी आला, वाकला, एका दिव्यावरून हात फिरवला आणि तो हात झटकन मागे घेतला. “आते ते बंद शेतस,” तो म्हणाला. “येतांना चालू व्हतात. दूरथीन दिखनात मले.” मग आमच्याकडे न पाहता निघून गेला. त्याने हात मागे का घेतला, हे मी तेव्हा विचारलं नाही. वहिनीला कळ आली होती आणि तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

“आप्पा, चला हो,” मी रडकुंडीला आले होते. “ती कशी करतेय बघा.”

आप्पांनी गाडी दामटली. त्यांचा स्वभाव तापट, त्यात बायकोचा जीव जातोय आणि रस्त्यातला प्रत्येक माणूस दिवे चालू म्हणून सांगतोय, जे चालू असूच शकत नाहीत. पुढे उतार होता आणि उताराच्या तळाशी नाल्याची फरशी, म्हणजे पुरात पाणी वरून जाईल असा ठेंगणा पूल. उतारावर वेग वाढला. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते... हो, मीच.

तेवढ्यात आप्पा कडाडले, “आते याले दखाडसूच!”

मी डोळे उघडले. समोर धुक्यात उंचापुरा माणूस उभा होता, एक हात डोळ्यांवर आडवा धरलेला, दुसरा हात वर. मिटतोय, उघडतोय, मिटतोय, उघडतोय. आप्पांनी करकचून ब्रेक मारला आणि त्याला शिव्या द्यायला खाली उडी टाकली. तावातावाने पुढे गेले आणि एकदम थांबले. तिथेच, तसेच. 

मी वहिनीचं डोकं गोधडीवर ठेवून खाली उतरले. आप्पांच्या पायांपुढे रस्ता नव्हता. फरशी मधोमध वाहून गेली होती आणि खाली गढूळ पाणी उसळत होतं. तो हात करणारा माणूस पलीकडच्या काठावर होता. त्याच्या मागे त्याचा ट्रक.

पाण्याच्या आवाजावरून तो ओरडला, “अरे भाई, अब जाके लाईट बंद की?”

 तो सुरतेकडचा ट्रकवाला सांगत होता की तो भरधाव उतरत होता, तेव्हा आमच्या बाजूच्या काठावर दोन दिवे दिसले. हलत नव्हते. फरशीपाशी गाडी अशी का थांबलीय म्हणून त्याने ट्रक थांबवला, उतरला, तेव्हा फरशी गेलेली कळली. दिवे डोळ्यांवर येत होते म्हणून तो कधीचा हात करत होता, बंद करा, बंद करा. “कबसे तो खडे हो आप लोग,” तो म्हणाला.

आम्ही तर आत्ताच आलो होतो.

पुढचं फार भराभर झालं. पाड्यावरची माणसं धावली. त्यांनी खाट आणली, वहिनीला खाटेवर घेतलं आणि वरच्या अंगाला पाणी पसरून उथळ होतं तिथून पलीकडे नेलं. आम्हाला हॉस्पिटलात पोहोचवायला ट्रकवाल्याने ट्रक मागे फिरवला. खाटेबरोबर निघताना मी जीपला वळसा घातला आणि तोल जाऊन माझा हात दिव्याच्या काचेवर टेकला. काच भाजत होती. एवढ्या पावसात, चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांच्या ओल्या शर्टाच्या खिशातून वायरचं टोक बाहेर आलं होतं.

वहिनी वाचली. बाळही वाचलं. आप्पा हॉस्पिटलच्या पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. नंतर ते जीप आणायला गेले, तर बॅटरी ठार उतरलेली होती. त्यांनी हँडल मारून गाडी चालू केली. ती वायर त्यांनी परत कधीच जोडली नाही, नवी घातली. जुनी कुठे ठेवली ते विचारलं की विषय बदलायचे.

ते बाळ म्हणजे माझा भाचा सुभाष. आता तोही म्हातारा झालाय. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. तो अजून मला फुई म्हणून हाक मारतो. मागच्या पावसाळ्यात त्याने नवी गाडी घेतली, ऑटोमॅटिक हेडलाईटची. “फुई, आपण हात लावायचा नाही, अंधार पडला का गाडीले कळस!” असं सांगत तो मला नवापूरला घेऊन निघाला. तोच रस्ता. फरशीच्या जागी आता पूल आहे. दुपारची वेळ, आणि पुन्हा तसंच पांढरं. अंधार नव्हता, म्हणून गाडीला काही कळलं नाही. समोरच्या पट्टीवर लाईटची खूण नव्हती, मी नीट पाहिलं.

पुलाच्या अलीकडे एक बाई शेळ्या घेऊन उभी होती. आमच्याकडे बघून तिने हात वर केला. मिटला, उघडला.

मी तोंड उघडायच्या आत सुभाषने गाडी कडेला घेऊन थांबवली. लहानपणापासून ऐकलेलं होतं त्याने. आम्ही दोघं पुलाकडे बघत बसून राहिलो. टपावर पाऊस वाजत होता. समोरून काही आलं नाही, पूल जागेवर होता. बऱ्याच वेळाने त्याने स्वतःच्या हाताने लाईट लावले आणि आम्ही हळूहळू पुढे गेलो.

पुढे खरंच काही होतं का, आम्ही थांबलो म्हणून ते टळलं का, की ती बाई नुसतीच हात हलवत होती... मला सांगता येत नाही. तेव्हाचंही सांगता आलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला गाड्यांच्या वायरिंगमधलं कळत असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. पण आमच्या घरात एक ठरलेलं आहे. पावसात कुणी तसा हात केला की दिवे चालू आहेत का बंद, हे आम्ही मागाहून बघतो. आधी गाडी थांबवतो.